कुठं, कधी आणि कोण

प्रमिलाताई देवकाते यांचे पहिले दर्शन मला घडले, तेव्हा त्या एका सिमेंटच्या हौदावर ओणवून पाण्याचा वास घेत होत्या. दर्शन हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मनुष्य आपल्या कर्मात पूर्ण बुडालेला असताना दिसणे हा योग दुर्मीळ असतो. पुढे अनेक वर्षे त्यांचा सहवास लाभला. पण त्या डोळ्यांपुढे येतात त्या तशाच. साडीचा पदर कमरेला खोचलेला, एक हात हौदाच्या कठड्यावर, आणि मुद्रा अशी की जणू पाणी काही सांगत आहे आणि ते त्यांना नीट ऐकू यायला हवे आहे.

इंदापूरच्या रस्त्याला डाळिंबाचा आणि पेरूचा रस काढणारी एक कंपनी आहे. तेथे सांडपाणी शुद्ध करण्याच्या पहिल्या टाकीचे भूमिपूजन होते आणि पौरोहित्यासाठी मला बोलावणे आले होते. सणसरजवळ आमची वाडी आहे. वाडीच्या ओढ्याकाठी महादेवाचे लहानसे देऊळ आहे, आणि शाळेतील संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यापासून त्या देवाची पूजाअर्चा माझ्याकडे असते. परिसरात कोणाची वास्तू, कोणाची विहीर, कोणाचा नवा ट्रॅक्टर असला की बोलावणे येते. तसेच हेही आले.

यजमान म्हणून कंपनीचे व्यवस्थापक मेहेंदळे साहेब पाटावर बसले होते. सज्जन गृहस्थ. मात्र घड्याळाकडे पाहण्याची त्यांची सवय इतकी जुनी होती की डोळे मिटून हात जोडतानाही मनगट थोडे वळत असे. पूजा आरंभली तरी एक आसन रिकामेच होते. तेवढ्यात ओले हात पुसत प्रमिलाताई आल्या, साहेबांच्या कानाशी वाकल्या आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा स्वरात कुजबुजल्या, "साहेब, आज बरं आहे. कालच्यासारखं आंबलेलं नाही."

साहेबांनी मान डोलावली. मी मंत्र म्हणणे चालू ठेवले.

पूजा झाल्यावर प्रसादाचा द्रोण घेऊन त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"गुरुजी, एक विचारू? सुरुवातीला साहेबांच्या हातावर पळीभर पाणी देऊन तुम्ही बराच वेळ काहीतरी म्हणत होता. ते काय होतं?"

"तो संकल्प."

"ते समजलं. त्यात काय काय असतं?"

असा प्रश्न मला माझ्या विद्यार्थ्यांनीही क्वचित विचारला होता. मी सांगितले, की कोणतेही कर्म करण्यापूर्वी आपण कोठे बसलो आहोत ते उच्चारायचे, म्हणजे कोणता देश, कोणत्या नदीचे तीर. मग काळ सांगायचा: संवत्सर, ऋतू, मास, तिथी. मग करणाऱ्याचे गोत्र आणि नाव. आणि हे सर्व झाल्यावर काय करणार ते सांगून हातावरचे पाणी सोडायचे. त्यावाचून कर्म बेवारशी राहते.

त्या शिरा खायच्या थांबल्या. "म्हणजे देवालासुद्धा कुठं, कधी आणि कोण ते सांगावं लागतं?"

"देवाला ठाऊकच असते. आपल्याला विसर पडू नये म्हणून म्हणायचे."

"आमच्या अहवालात फक्त काय करणार तेवढंच असतं हो, गुरुजी. आणि तेही मोघम." एवढे बोलून त्यांनी उरलेला शिरा संपवला आणि द्रोणाची घडी करून पिशवीत ठेवली. प्रसादाचा द्रोण त्या कधी टाकत नसत. घरी नेऊन कुंडीत पुरत.

त्यांच्याविषयी पुढे जे समजले ते थोडक्यात सांगतो. माहेर अंथुर्ण्याचे, घरी शेती. रसायनशास्त्र शिकून त्या याच कंपनीच्या प्रयोगशाळेत लागल्या. कंपनीला सामाजिक दायित्वाचे खाते उघडावे लागले, तेव्हा ते घ्यायला कोणी पुढे येईना. उत्पादनात बढती असते, विक्रीत प्रवास असतो. या खात्यात नुसती भाषणे, असा समज होता. प्रमिलाताईंनी ते मागून घेतले. कोणी विचारले तर म्हणत, "प्रयोगशाळेत मी पाण्याची आम्लता मोजायचे आणि आकडा वर पाठवायचे. पुढं त्या पाण्याचं काय होतं ते बघायचं काम कुणाचंच नव्हतं. म्हटलं, आपण बघू."

संकल्पाची ती गोष्ट त्यांनी फारच मनावर घेतली. त्यांच्या टेबलावर कंपनीच्या वार्षिक अहवालाचा मसुदा आला, की प्रत्येक वाक्याला त्या तीन प्रश्न विचारीत. एकदा मी देवळाच्या कुंपणाच्या कामासाठी त्यांच्याकडे गेलो असताना अहवाल लिहिणारे गृहस्थ समोर बसले होते आणि चेहऱ्यावरून त्यांची सकाळ चांगली गेलेली दिसत नव्हती.

प्रमिलाताई वाचत होत्या. "'कंपनी पर्यावरणाच्या संवर्धनासाठी कटिबद्ध आहे.' बरं. कुठं?"

"सगळीकडेच, ताई."

"सगळीकडे म्हणजे कुठंच नाही. कधीपर्यंत?"

"ते कायमच असतं ना."

"आणि कोण?"

"कंपनी."

"कंपनीला कंबर आहे का बांधायला? माणसाचं नाव सांगा."

गृहस्थ काकुळतीला आले. "ताई, असं नावनिशीवार लिहिलं तर उद्या अडकायला होतं."

"अडकायलाच लिहायचं असतं," प्रमिलाताई म्हणाल्या आणि ते वाक्य खोडून माझ्याकडे वळल्या. "बोला गुरुजी. कुंपण कुठं, कधी आणि कोण बांधणार?"

त्यांचा आवाज खणखणीत होता. कार्यालयात प्रमाण मराठी, मुख्य कार्यालयाच्या पाहुण्यांशी इंग्रजी आणि बांधावर उभ्या राहिल्या की माहेरची बोली, असे तीन आवाज त्या सहज वापरीत. मात्र रागावल्या की तिन्ही ठिकाणी बोलीच बाहेर येई. त्यांच्या पिशवीत एक पितळी पेला असे. कंपनीने ज्या गावात पिण्याच्या पाण्याची सोय केली होती तेथे गेल्या, की चहा घेण्याआधी त्या नळाखाली तो पेला धरीत आणि उभ्या उभ्या पाणी पीत. सरपंच म्हणत, "ताई, बाटलीचं गार पाणी आणलंय की." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले: "ते तुमी प्या. ह्ये आमी दिलंय, ह्ये आमी पिऊन बघतो." एका गावात पेला तोंडाला लावून त्यांनी खाली ठेवला, चपला सरकवल्या आणि तडक यंत्राची खोली उघडायला लावली. त्या दिवशी तेथे कोणाचाच चहा झाला नाही.

वृक्षारोपणाची त्यांनी लावलेली रीत तर परिसरात गाजली. पूर्वी दरवर्षी आषाढात मुख्य कार्यालयाचे पाहुणे येत, तयार खड्ड्यात रोप ठेवीत, झारीने पाणी घालताना छायाचित्र निघे, आणि पुढच्या आषाढात पुष्कळदा त्याच खड्ड्यात नवे रोप येई. प्रमिलाताईंनी सांगून टाकले, की रोपे आमची आम्ही लावू; पाहुण्यांनी वैशाखात यावे.

"वैशाखात?" मेहेंदळे साहेब चकित झाले. "त्या उन्हात ती मंडळी कशाला येतील?"

"झाड जगलंय का ते बघायला. लावताना सगळेच हजर असतात, साहेब."

आणि काय सांगावे, मंडळी आली! डोक्यावर टोप्या, गळ्यात ओले रुमाल, तोंडे लाल झालेली. कंपनीमागच्या माळावर त्यांना प्रमिलाताईंनी प्रत्येक झाडापाशी नेऊन उभे केले. जी वाळली होती, त्यांच्यापाशी अधिक वेळ उभे केले. एका थोर पदाधिकाऱ्याने घाम टिपत विचारले, "हे वाळलेलं कशाला दाखवता, मॅडम?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सावली कुठं नाही ते उन्हात पटकन कळतं, सर." त्या वर्षापासून माळावर ठिबकची नळी आली, ती आजही आहे. कडुनिंब आणि करंज आता चांगले डोक्यावर गेले आहेत.

परंतु ज्या प्रसंगाने प्रमिलाताई आमच्या वाडीच्या झाल्या, तो ओढ्याचा.

डाळिंबाचा रस निघाल्यावर फळांचे आणि यंत्रांचे धुवण उरते. त्यात साखर असते. ते पाणी साचले की आंबते, काळे पडते, आणि मग त्याची जी दुर्गंधी सुटते तिचे वर्णन मी करीत नाही. एक टाकी कंपनीला पुरेनाशी झाली होती. बहाराचे दिवस आले की अर्धवट शुद्ध झालेले पाणी ओढ्यात उतरे, आणि महादेवाला लावलेल्या उदबत्त्यांचा काही उपयोग होत नसे. वाडीची तक्रार गेली. कंपनीने ग्रामसभेत येण्याचे मान्य केले. सभा देवळापुढच्या पटांगणातच भरली.

मेहेंदळे साहेबांनी आरंभीच घोषणा केली, की कंपनी सामाजिक दायित्वातून देवळाला सभामंडप बांधून देईल. टाळ्या पडल्या. माझ्याही पडल्या, सभामंडपाची इच्छा माझ्याइतकी कोणालाच नव्हती. तेवढ्यात सोपानआबा उठले. ओढ्याला लागून त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि विहीरही. वय झालेले, पण बोलणे धारदार.

"मंडप झ्याक हुईल, साहेब. पर त्यात बसायचं कसं? नाक धरून?"

पटांगण हसले. साहेबही हसले, पण ते थोडे उशिरा. तेव्हा प्रमिलाताई उभ्या राहिल्या.

"आबा बरूबर बोलत्यात. मंडप राहू द्या, आधी टाकी. कुठं, ते सांगते: कंपनीच्या मागल्या अंगाला, पैल्या टाकीच्या शेजारी. कधी, तर आंब्या बहाराची डाळिंबं आमच्या गेटात यायच्या आत. कोण, तर मी, प्रमिला देवकाते. आन् टाकी तवर चालू न्हाय झाली, तर वढ्यात एक थेंब सोडणार न्हाय."

पुन्हा टाळ्या पडल्या. या खेपेस मेहेंदळे साहेबांनीही वाजवल्या, मी पाहिले. सोपानआबा मात्र अजून उभेच होते.

"थेंब सोडणार न्हाय म्हंजी कारखाना बंद ठेवणार. मंग आमची डाळिंबं कोण घेणार, ताई?"

प्रमिलाताई क्षणभर थांबल्या. पटांगणातून लोक उठू लागले होते, पण मला तो क्षण दिसला. त्यांनी हा विचार केलेला नव्हता. ज्या वाडीच्या ओढ्यासाठी शब्द दिला, त्याच वाडीची फळे त्या शब्दात अडकत होती.

"टाकी हुईल, आबा," त्या म्हणाल्या.

सभा पांगल्यावर त्या देवळाच्या पायरीपाशी आल्या. "गुरुजी, रागावलात? मंडप घालवला तुमचा."

"महादेव उन्हात राहायला सरावलेला आहे, ताई. भाविकांची डोकी तापतात, एवढेच."

"मग उपरणं घ्या डोक्यावर," त्या हसून म्हणाल्या आणि निघाल्या. पण जाताना हसू लवकरच मावळले होते.

टाकीचे काम सुरू झाले. भिंती उभ्या राहिल्या. मग मात्र कंत्राटदाराचे आज-उद्या सुरू झाले. पाण्यात हवा सोडणारे यंत्र आले ते चुकीचे आले, परत गेले, आणि दुसरे वाटेतच राहिले. प्रमिलाताई रोज फोन करीत. पलीकडून रोज अतिशय नम्र उत्तर येई. इतक्यात वळवाचे दोन पाऊस झाले आणि पिकत आलेली फळे झाडावरच तडकू लागली. तडकलेले डाळिंब बाजारात कोणी घेत नाही. त्याला रसाखेरीज गती नाही, आणि त्याला थांबवून ठेवताही येत नाही. एका सकाळी वाडीचे टेम्पो भरून कंपनीच्या फाटकाशी उभे राहिले. पहिला टेम्पो सोपानआबांचा होता. वाडीने मलाही सोबत घेतले, ते केवळ वयाच्या मानासाठी.

मेहेंदळे साहेबांच्या दालनात सारे जमलो. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ताई, आमी काय भांडायला आलो न्हाय. तुमी शबुद दिला व्हता, आमी म्हणतो, मागं घ्या. ह्या बारीला सोडा पाणी. वास येतोय, जातोय. फळं गेली तर वरीस जाईल."

"व्हय, आबा. फळं जाता कामा न्हाईत."

साहेबांचा चेहरा उजळला. "झालं तर मग! गावच सोडा म्हणतंय, प्रमिलाताई. आपण अडवणारे कोण?"

"साहेब, गाव म्हणजे हितं बसलेत तेवढंच व्हय?" बोली बाहेर आली, तेव्हा मला कळले की त्या रागावल्या आहेत. "आबा, वढा काय तुमच्या बांधावर येऊन थांबतो? खालच्या वस्तीवरच्या बाया त्याच वढ्यातल्या झऱ्यावर पाणी भरत्यात. त्यांची हाईत का डाळिंबं? त्यांच्यातलं कोण आलंय हितं सोडा म्हणायला?"

आबा टोपीकडे पाहू लागले. बाहेर टेम्पोवर माश्या घोंगावत होत्या. त्यांचा आवाज आत येत होता.

"मग फळं परत पाठवू?" साहेब म्हणाले. "तसं सांगा. या लोकांच्या तोंडावर सांगा."

प्रमिलाताई उठून खिडकीपाशी गेल्या. खिडकीखाली कंपनीचे शोभेचे तळे होते. पावसाचे पाणी साठवून केलेले, तळाला प्लास्टिकचे अस्तर, मध्ये कारंजे, कडेने कमळे. कंपनीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर वर्षानुवर्षे तेच तळे असे. त्यांनी तळ्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर फिरवली.

"फळं घेऊ," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आजपासून घेऊ. पाणी ओढ्यात नाही सोडायचं. इथं ठेवायचं."

"इथं कुठं?"

"या तळ्यात. आतलं चांगलं पाणी माळावरच्या झाडांना सोडते आज. अस्तर आहे, खाली झिरपणार नाही. टाकी चालू झाली, की सगळं उपसून टाकीत घेऊ."

साहेब खुर्चीतून उठले. "ताई, अहो, वास येईल!"

"येईल."

"माझ्या खिडकीखाली आहे ते."

"माझीही खिडकी शेजारचीच आहे."

"मुख्य कार्यालयाचे पाहुणे यायचेत!"

"मग त्यांनाही येईल. साहेब, त्या सभेत मी बोलले तेव्हा टाळ्या तुम्हीही वाजवल्या होत्या. आबांनी ओढ्याकाठी जे सोसलं ते आपण आपल्या फाटकाच्या आत सोसू. जास्त काही मागत नाही मी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तुम्ही तरी यांना काही सांगा."

मी काय सांगणार? भूमिपूजनाला यजमानाच्या पाटावर ते बसले होते, संकल्पाचे पाणी त्यांच्याच हातावर दिले होते. मी नुसते हात जोडले. त्याचा अर्थ त्यांनी काय घेतला ते मला ठाऊक नाही. ते पुन्हा घड्याळाकडे पाहू लागले, मग खिडकीबाहेर, आणि शेवटी एक दीर्घ श्वास सोडून म्हणाले, "ठीक आहे. कमळं तेवढी काढून ठेवा."

सोपानआबांनी टोपी डोक्यावर घातली. "साहेब, तुमी मानूस हाय," एवढेच बोलून ते टेम्पो आत घ्यायला बाहेर पडले.

मेहेंदळे साहेबांविषयी माझ्या मनात आदर आहे तो त्यांच्या त्या 'ठीक आहे'साठी. कमळे बादल्यांत ठेवली गेली, कारंजे थांबले, आणि तळे भरू लागले. दोन-तीन दिवसांत ते करडे झाले, मग काळे. वास प्रथम खालच्या मजल्यावर आला. खिडक्या लावल्या, तर वातानुकूलन यंत्रे बाहेरची हवा ओढून आत देऊ लागली. लोक डबे घेऊन मागल्या आवारात जेवायला बसू लागले. हिशेबाच्या खात्यातील एकाने उदबत्ती लावली. तिचा आणि तळ्याचा मिळून जो वास झाला, त्याला तोड नव्हती. मीही एकदा जाऊन आलो. प्रमिलाताई आपल्या टेबलाशी खिडकी सताड उघडी ठेवून काम करीत होत्या.

"खिडकी तरी लावा, ताई."

"सवय लागू नये म्हणून उघडी ठेवलीय," त्या म्हणाल्या.

आणि जे इतके दिवस होत नव्हते ते होऊ लागले. कंत्राटदाराला आता स्वतः साहेब फोन करीत. सकाळी करीत, जेवणानंतर करीत, नाकाला रुमाल लावून करीत. रस्त्यात अडकलेले यंत्र एकाएकी सापडले. माणसे आली, वायरी जोडल्या गेल्या. त्यातच मुख्य कार्यालयाचे पाहुणे ठरल्याप्रमाणे आले. त्यांना मागच्या दाराने आत घ्यावे, असे कोणी सुचवले होते म्हणे. प्रमिलाताईंनी त्यांना गाडीतून उतरताच तळ्यावर नेले.

"हा वास कसला?" एका पाहुण्याने विचारले.

"आपल्या रसाचा, सर. बाटलीत येत नाही तो भाग."

पाहुणे बराच वेळ तेथे उभे राहिले. ते काय म्हणाले ते मला ठाऊक नाही. मात्र दुसऱ्या टाकीवर कायमचा माणूस नेमण्याची मंजुरी, जी अनेक महिने मिळत नव्हती, ती त्या भेटीनंतर मिळाली.

टाकी चालू झाली. तळे उपसले गेले, अस्तर घासून धुतले गेले, कमळे परत आली, काही दगावली. बहार संपल्यावर प्रमिलाताई न बोलावता ग्रामसभेला आल्या. साहेबही आले आणि या वेळी मंचावर न बसता लोकांत बसले.

प्रमिलाताई म्हणाल्या, "टाकी ठरल्या येळंला झाली न्हाय. ह्यो शबुद माझा मोडला. वढ्यात थेंब सोडला न्हाय, त्यो पाळला. दोनी सांगायला आले."

आपण होऊन मोडलेला शब्द सांगायला आलेले माणूस आमच्या पटांगणाने फारसे पाहिले नव्हते. सोपानआबा बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, तुमी मोडल्यालं बी सांगता. म्हणून पाळल्यालं खरं वाटतं." आणि खालच्या वस्तीवरून आलेल्या एका बाईकडे वळून त्यांनी विचारले, "काय गं, पानी कसं हाय औंदा?"

"बरं हाय," ती म्हणाली. कंपनीच्या साऱ्या अहवालांत याहून मोठे प्रमाणपत्र माझ्या वाचनात नाही.

सभामंडप अद्याप झालेला नाही. आम्ही वर्गणीचे बोलत असतो. ऊन लागले की मी उपरणे डोक्यावर घेतो.

पुढे प्रमिलाताईंची बदली झाली. कंपनीने दुसऱ्या जिल्ह्यात नवा कारखाना काढला, तेथील ओढ्याची काळजी त्यांच्याकडे गेली. निरोपसमारंभाला मला निमंत्रण होते. त्या दिवशी अंगात कणकण होती, जाता आले नाही. परंतु त्याआधीच्या रविवारी त्या मला दिसल्या.

बहार ऐन भरात होता. कंपनीच्या फाटकाशी डाळिंबांच्या गाड्यांची रांग लागल्याचे गावात सगळे सांगत होते. सकाळची पूजा आटोपून मी देवळाच्या मागे निर्माल्य ठेवायला गेलो, तर ओढ्यात एका खडकावर प्रमिलाताई बसल्या होत्या. साडी घोट्यांच्या वर घेतलेली, पाय पाण्यात, हात मांडीवर, डोळे मिटलेले. पिशवी बरोबर नव्हती. कोणी अधिकारी नव्हता, गाडी दिसत नव्हती. मी आयुष्यभर जपाला बसलेली माणसे पाहिली आहेत. आसन बरोबर असून मन भटकत असलेलीही पाहिली आहेत. हे बसणे तसले नव्हते.

माझी चाहूल लागून त्यांनी डोळे उघडले.

"ताई, आज रविवारी इकडे? काही तक्रार आहे का पाण्याची?"

"नाही हो, गुरुजी." त्यांनी पायाने पाणी जरा ढवळले. ते थोडे गढूळ झाले आणि पुन्हा निवळले. वरच्या बाजूला एक टिटवी ओरडत होती. पाण्याला कसला वास नव्हता. ओल्या मातीचा होता तेवढाच. "आज इथं बघण्यासारखं काहीच नाही. म्हणून बसलेय."

मी परत देवळाकडे वळलो. त्या तशाच बसून राहिल्या, आणि ओढा त्यांच्या पायांवरून खालच्या वस्तीकडे जात राहिला.